खाकीची भीती, खाकीचा आधार : महामारीच्या वर्षातली मुंबई आणि आपला तांडा

 

मागच्या महिन्याच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब संपला आणि गप्पा कोरोनाच्या वर्षावर गेल्या. कुणी म्हणालं, पोलिसांनी फार मारलं. कुणी म्हणालं, पोलीस नसते तर आम्ही घरी पोचलोच नसतो. दोघी आपल्याच गटातल्या आणि दोघीही खऱ्याच बोलत होत्या. म्हणून आजच्या भाषणात आम्ही त्या वर्षातल्या पोलिसांच्या कामाचा इतिहास मांडणार आहोत, आणि तोही मुंबई शहराच्या पोलिसांचा. आपल्या तांड्यातली कितीतरी माणसं कामासाठी मुंबई-पुण्याकडं जातात. बांधकामावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीला. २०२० साली आपल्या माणसांची गाठ पडली ती तिथल्या पोलिसांशी.

पण २०२० कडं जाण्याआधी थोडं मागं जावं लागेल. तांड्यावर पोलिसाची गाडी आली की अजूनही लेकरं घरात पळतात. ही भीती कुठून आली?

इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला. काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवणारा. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात होता, पुढं १९११ साली तो देशभर लागू करता येईल असा केला. देशाच्या काही भागांत बंजारा-लमाणांची नावंही त्या यादीत घातली गेली. ज्यांचं नाव यादीत, त्यांनी पोलिसांकडं हजेरी द्यायची, गावाबाहेर जायचं तर परवानगी घ्यायची. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारी माणसं आपण. रेल्वे आली, तो धंदा बुडाला, आणि फिरणं हाच संशय ठरला. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. म्हणून आपल्या महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींमध्ये मोडतो. विमुक्त म्हणजे त्या शिक्क्यातून सुटलेले. कायदा कागदावरून गेला, पण आजीच्या बोलण्यातून नातीपर्यंत भीती चालत आली.

दुसरा कायदा साथीचा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचा रोगी सापडला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावाकडं निघाली. तेव्हाही माणसं गावाकडंच निघाली होती, हे लक्षात ठेवा. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारनं साथरोगांचा कायदा केला. अगदी छोटा कायदा, पण त्यानं सरकारला फार मोठे अधिकार दिले : प्रवाशांना तपासा, वेगळं ठेवा, घरं तपासा. जो हुकूम मोडेल त्याच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा. हा आकडा नीट ध्यानात ठेवा, पुढं परत येणार आहे.

त्या कायद्याच्या जोरावर काय झालं? पुण्यात रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घराघरांत शिरून झडती घेतली. देवघरं, स्वयंपाकघरं सोडली नाहीत. बायामाणसांना परक्या पुरुषांसमोर उभं राहावं लागलं. लोक इतके चिडले की २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मुंबईत मार्च १८९८ मध्ये मदनपुरा भागात विणकरांच्या वस्तीतून एका आजारी बाईमाणसाला इस्पितळात न्यायला पथक आलं, घरच्यांनी नकार दिला आणि त्यातून दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसं मेली. रोग थांबवायला आलेल्यांचीच लोकांना रोगापेक्षा जास्त भीती वाटली. भीती वाटली की लोक रोगी लपवतात, आणि रोगी लपवला की साथ पसरते.

त्याच प्लेगात, त्याच पुण्यात एक दुसरं उदाहरण आहे. सावित्रीबाई फुले आजारी माणसांना आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सावित्रीबाईंच्या हातात काठी नव्हती, तरी लोक त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले.

मग आली १९१८ ची साथ. तिला तेव्हा लोक मानमोडी म्हणायचे. मुंबईत ती आल्याची पहिली खूण कुणात दिसली, ठाऊक आहे? पोलीस शिपायांत. जून १९१८ च्या दहा तारखेला सात शिपाई तापानं इस्पितळात भरती झाले. त्यातला एक गोदीत पहाऱ्यावर होता, जिथं बाहेरदेशची जहाजं लागायची. त्यानंतर ती साथ शहरभर आणि मग देशभर गेली. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं मेली. पहाऱ्यावर उभा असलेला माणूस साथीच्या वाटेत पहिला येतो, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

आता २०२० कडं येऊ.

९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रोगी सापडले. त्याच आठवड्यात सरकारनं तोच १८९७ चा कायदा लागू केला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २३ मार्चला महाराष्ट्रभर संचारबंदी लागली, आणि २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी सांगितलं की आज मध्यरात्रीपासून सगळा देश बंद. चार तासांची मुदत. मुंबईची लोकल बंद, एसटी बंद, काम बंद. मुंबई पोलिसांकडं नव्वदच्या वर पोलीस ठाणी आणि चाळीस हजारांच्या वर माणसं. शहर सव्वा कोटीचं. त्यांना सांगितलं गेलं : सगळ्यांना घरात ठेवा.

पण घर म्हणजे काय? धारावीत एका खोलीत आठ-दहा माणसं राहतात, पाण्याला आणि संडासला बाहेरच जावं लागतं. आमच्या गटातली एक बहीण तेव्हा नवऱ्याबरोबर उपनगरात बांधकामावर होती. पत्र्याची खोली, पाण्याचा नळ रस्त्याच्या पलीकडं. ती सांगते, "पहिल्या आठवड्यात पाण्याला गेले तर दांडा बसला पोटरीवर. कोण होतं ते तोंड बांधलेलं, दिसलं नाही." त्या दिवसांत राज्यभर उठाबशा काढायला लावणं, काठी मारणं, हे मोबाईलवर आपण सगळ्यांनी पाहिलं. काहीजण ते पाहून हसलेही. ज्याच्या घरात धान्याची कोठी भरलेली होती तो हसला. ज्याला रोज आणून रोज खायचं होतं त्याला हसू आलं नाही.

कलम १८८ आठवतं ना? २०२० संपेपर्यंत राज्यात या कलमाखाली दोन लाखांहून जास्त गुन्हे दाखल झाले. जून संपताना मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडं जायचं नाही असा नियम काढला आणि हजारो गाड्या जप्त केल्या. लोकांचा गोंधळ उडाला, ओरड झाली, आणि आठवड्याच्या आतच तो नियम मागं घ्यावा लागला. कामावर जाणाऱ्याला सवलत होती, पण नाक्यावरच्या शिपायाला ते कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि लोकांनाही नाही. वरचा हुकूम अर्धवट असला की खालचा शिपाई आणि रस्त्यावरचा माणूस यांची झोंबाझोंबी होते. हे आपल्या ग्रामपंचायतीतही होतं.

आता दुसरी बाजू ऐका. काठी ज्याच्या हातात होती, त्याच्या तोंडावर सुरुवातीला साधा रुमाल होता. २५ एप्रिलला मुंबई पोलीस दलातले एक हवालदार कोरोनानं गेले. लागोपाठ तीन दिवसांत तीन पोलीस गेले, तिघांचंही वय पन्नाशीच्या पुढं. मग पंचावन्नच्या वरच्यांनी आणि ज्यांना साखर-दमा असे आजार आहेत अशा बावन्नच्या वरच्यांनी घरी राहावं, असं ठरलं. राहिलेल्यांवर कामाचा भार आणखी वाढला. मे महिन्यात केंद्राच्या राखीव तुकड्या मागवल्या, थोडी तरी विश्रांती मिळावी म्हणून. वरळी, नायगाव इथल्या पोलीस वसाहती आणि बीडीडी चाळी म्हणजे लहान लहान खोल्या. नाक्यावरून घरी आलेला माणूस लेकराला जवळ घेऊ शकत नव्हता. राज्यात वर्षअखेरपर्यंत पंचवीस हजारांहून जास्त पोलिसांना लागण झाली आणि अडीचशेहून जास्त गेले. सरकारनं कुटुंबाला पन्नास लाख रुपये जाहीर केले. पैशानं घर चालतं, पण गेलेलं माणूस परत येत नाही.

बायका पोलिसांचं तर विचारूच नका. बारा-बारा तास बंदोबस्त, आणि घरी गेल्यावर चूल, सासू-सासरे, लेकरांची मोबाईलवरची शाळा. रस्त्यावर हॉटेलं बंद, दुकानं बंद, मग संडासला जायचं कुठं? आपल्याला शेतात असताना जी अडचण, तीच त्यांना भर शहरात. पुढं सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला अंमलदारांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणायचा आदेश काढला. हे आधी व्हायला हवं होतं, पण झालं हेही खरं.

आता त्या बहिणीची गोष्ट पुढं नेऊ. एप्रिलमध्ये ठेकेदार फोन उचलेनासा झाला. रेशनचं कार्ड गावाकडचं. ज्या ठाण्याच्या हद्दीत ती राहत होती, तिथले शिपाई एका संस्थेच्या गाडीबरोबर दुपारी खिचडी घेऊन यायचे. रांगेत अंतरासाठी चुन्याचे गोल काढलेले. ती म्हणते, "ज्या कपड्यानं मारलं त्याच कपड्यानं वाढलं. मी पहिल्या दिवशी रांगेत गेलेच नाही. लेकरू रडलं तेव्हा गेले."

मे महिन्यात मजुरांच्या गाड्या सुरू झाल्या. परराज्यातल्यांसाठी श्रमिक रेल्वे, आणि राज्यातल्या राज्यात दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर पोलिसांचा पास. गावी जायचं तर अर्ज भरायचा, आणि अनेकांसाठी तो ठाण्याच्या दारातच. नाव, आधार, कुठं जायचं, किती माणसं, डॉक्टरचा दाखला. मुंबईच्या ठाण्यांसमोर मैल-मैल रांगा लागल्या. विचार करा मैत्रिणींनो. ज्यांच्या पणजोबाला गाव सोडायला पोलिसांची परवानगी लागायची, त्यांना आता गावी यायला पोलिसांची परवानगी लागत होती. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची हजेरी आमच्या म्हाताऱ्यांना आठवली. आमच्या बहिणीचा नवरा ठाण्याच्या पायरीवरून दोनदा परत आला. "आत गेलो तर ठेवून घेतील," म्हणाला. तिसऱ्यांदा ती स्वतः गेली. एका महिला शिपायानं तिचा अर्ज भरून दिला, कारण ऑनलाईन अर्ज तिला भरता येत नव्हता. त्या शिपायाचं नाव हिनं विचारलं नाही. आजही तिला त्याची चुटपुट आहे.

सगळ्यांना पास मिळाला नाही. कित्येकजण चालत निघाले. मुंबईपासून आपलं गाव सहाशे किलोमीटरच्या वर. ८ मे २०२० ची पहाट कुणी विसरू नये. जालन्याहून रेल्वे रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशचे मजूर थकून औरंगाबादजवळ करमाडच्या रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली सोळाजण गेले. रुळांवर भाकरी पडल्या होत्या. ते कुणाचे होते? आपल्यासारख्यांचेच. जिल्ह्याबाहेर जायच्या पासाची सक्ती सप्टेंबरच्या सुरुवातीला उठली. तोवर ज्यांना चालायचं होतं ते चालून झाले होते.

आणि एक गोष्ट, जी बैठकीत दबक्या आवाजात निघते. घरात कोंडलेल्या त्या महिन्यांत मारहाण वाढली. राष्ट्रीय महिला आयोगाकडं तक्रारी इतक्या वाढल्या की एप्रिल २०२० मध्ये आयोगाला व्हॉट्सअॅपचा नंबर काढावा लागला. पण फोन नवऱ्याच्या हातात, दारू बंद म्हणून तो चिडलेला, आणि बाहेर नाक्यावर पोलीस, निघालात कुठं म्हणून विचारणारे. ज्याच्याकडं दाद मागायची तोच रस्ता अडवून उभा होता. पुणे जिल्हा परिषदेनं तेव्हा एक चांगली गोष्ट जाहीर केली : बायकोला मारणाऱ्याला विलगीकरणात टाकू. म्हणजे बाईनं घर सोडायचं नाही, मारणाऱ्यानं सोडायचं. हा विचार साथ संपली तरी टिकायला हवा.

इकडं आपल्या पोहरादेवीत काय झालं ते आपण पाहिलंच. सेवालाल महाराजांची समाधी, जगदंबेचं देऊळ, आणि रामनवमीला लाखोंची यात्रा. २०२० ची रामनवमी २ एप्रिलला आली. रस्ते सुने. नारळ, हार, बांगड्या, खेळण्यांची दुकानं लावणाऱ्या आमच्या बायांची वर्षाची कमाई त्या एका आठवड्यावर असते, ती गेली. गटाचे हप्ते थकले. मग आम्ही उमेदच्या इतर गटांसारखे मास्क शिवायला बसलो. शहरातून आलेल्यांना शाळेत ठेवलं, तर आपल्याच माणसांनी त्यांच्याकडं बोटं दाखवली. आमची ती बहीणही त्या शाळेत चौदा दिवस होती. तिला डबा पोचवायला पहिले दोन दिवस कुणी पुढं आलं नाही. हे पोलिसांचं नव्हे, आपलं वागणं. त्याचा हिशोब आपल्याच वहीत मांडायला हवा.

पुढं २३ फेब्रुवारी २०२१. साथ परत वाढत होती, जिल्ह्यात गर्दीला बंदी होती, आणि एका मंत्र्यांच्या भेटीच्या निमित्तानं पोहरादेवीत हजारो लोक जमले. पोलिसांनी काठी चालवली, गर्दीबद्दल गुन्हे दाखल झाले, आणि आपल्या गावाचं नाव राज्यभर बातम्यांत आलं. गर्दी जमवणारे निघून गेले. गावात राहिलो आपण, ताप-खोकला मोजत. त्या वर्षी २१ एप्रिलची रामनवमीही यात्रेविना गेली. २०२२ च्या गुढीपाडव्याला निर्बंध उठले आणि आठ दिवसांनी रामनवमी आली.

कलम १८८ चा शेवट असा, की २०२२ साली सरकारनं लॉकडाऊनमधले हे गुन्हे मागं घ्यायचं ठरवलं. ज्यात सरकारी माणसावर हल्ला झाला किंवा मोठं नुकसान झालं ते सोडून. हे आपल्याला का महत्त्वाचं? आज तांड्यावर पहाटे चार वाजता पोरं-पोरी डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. पोलीस भरतीसाठी. ज्या खाकीला पाहून आजी घरात लपली, ती खाकी घालायला नात धावते आहे. आणि भरतीत चारित्र्य पडताळणी होते. पाण्याला बाहेर पडल्याचा एक गुन्हा त्या पोरीच्या भावाच्या आड येऊ शकतो. ज्यांच्यावर असा गुन्हा आहे त्यांनी तो खरंच मागं घेतला गेला का, हे ठाण्यात आणि कोर्टात लेखी विचारून घ्यावं. विचारायला एकट्यानं नाही, गटानं जावं.

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासातून आम्ही एक गोष्ट शिकलो. १८९७ मध्ये, १९१८ मध्ये, २०२० मध्ये पोलीस साथीच्या तोंडावर उभे केले गेले. प्रत्येक वेळी जिथं जबरदस्ती झाली तिथं लोक लपले, आणि जिथं कुणी अर्ज भरून दिला, खिचडी वाढली, नाव घेऊन बोललं, तिथं लोक पुढं आले. आमच्या बहिणीची पोटरी आणि तिचा भरलेला अर्ज, दोन्ही खरं आहे. एक सांगताना दुसरं गाळू नये. काठी गाळली तर पुढच्या साथीत परत तीच काठी येईल. अर्ज गाळला तर आपली पोरगी खाकी घालून कुणासारखी वागेल, हे तिला कळणार नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीची शेवटची चार पानं कोरी ठेवा. २०२० साली आपल्या तांड्यातून कोण कुठं होतं, कसं परत आलं, वाटेत कुणी अडवलं, कुणी पाणी दिलं, कोण परत आलंच नाही, हे लिहून काढा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगा, शाळेतल्या पोरी लिहितील. सरकारच्या दप्तरात गुन्ह्यांचा आकडा आहे, पासांचा आकडा आहे. चुन्याच्या गोलात लेकरू घेऊन उभी राहिलेली बाई कुठल्याच दप्तरात नाही. ती आपल्या वहीत असू द्या.

आणि अडचणीत ११२ हा नंबर पाठ असू द्या. तक्रार दिली तर तिची प्रत मागा, ती फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. ठाण्याची पायरी चढताना बरोबर दोघी-तिघी न्या.

पुढच्या भाषणात भेटू. तोवर काळजी घ्या. जय सेवालाल.